अर्धा ग्लास पाऊस

मला पाऊस आवडतो, हे मी आता फारसं कुणाला सांगत नाही. बहात्तराव्या वर्षी माणसाने गुडघ्यांबद्दल बोलावं, पावसाबद्दल नाही. पण हे खूळ लहानपणापासूनचं आहे खरं. पाथरवडची इतर पोरं पावसाळ्यात कंटाळून चुलीपाशी बसायची आणि मी घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन सड्यावर, माथ्यावरच्या उघड्या कातळावर, जाऊन उभा राहायचो. आई म्हणायची, हिंदुरावाला पावसाची बाधा झालीय, अंगारा लावा. लावलाही होता. काही उपयोग झाला नाही.

पाथरवड म्हणजे सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचा आमचा धनगरवाडा. समुद्रावरून आलेले ढग पहिली धडक आम्हालाच देतात. चार महिने सूर्य दिसत नाही, कपडे चुलीवर वाळवावे लागतात, भिंतींना बुरशी येते आणि पायांना जळवा लागतात. असल्या गावात मी पोस्टाच्या शाखेचा डाकपाल म्हणून एकतीस वर्षं काढली. पत्रं फारशी येत नसत. पोस्टाच्या अंगणातला पर्जन्यमापक वाचायचं कामही माझ्याकडेच होतं, आणि मनातलं सांगायचं तर मी नोकरी त्याच्यासाठीच केली.

काम सोपं होतं. अंगणात नरसाळं बसवलेला एक डबा. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजायच्या काचेच्या ग्लासात ओतायचं. ग्लास वीस मिलिमीटरचा. भरला की ओतून द्यायचा, पाटीवर एक रेघ मारायची, पुन्हा भरायचा. चारशे मिलिमीटर पाऊस झाला असेल तर वीस वेळा. मग रेघा मोजून आकडा वहीत लिहायचा आणि जिल्ह्याला फोनवर कळवायचा.

आता लबाडीचं सांगतो. त्या आकड्यात मी रोज अर्धा ग्लास जादा घालत होतो.

कारण सांगायला लाज वाटते. दरीपलीकडे सडेघोळ नावाचं गाव आहे. तिथला मापक बापू लाड नावाचा इसम वाचायचा. दोन्ही गावांचे आकडे रेडिओवर एकापाठोपाठ सांगायचे आणि त्यानंतर बापूचा फोन ठरलेला. "काय पोस्टमास्तर, आज तुमच्याकडं शिंतोडं आलं म्हणं!" पहिला अर्धा ग्लास मी त्याच्या नाकावर टिच्चून घातला. पुढचे मात्र बापूसाठी नव्हते. चोवीस तास कौलांवर असा पाऊस कोसळायचा की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, आणि सकाळी रेघा मोजल्या की एकशे ऐंशी. एवढंच? माझ्या मनात जेवढा पाऊस भरलेला असायचा तेवढा त्या काचेत कधी मावलाच नाही. म्हणून मी वरचे दहा मिलिमीटर लिहायचो. पावसाचे एकशे दहा दिवस, म्हणजे वर्षाला अकराशे. आवडत्या माणसाबद्दल आपण थोडं वाढवून बोलतोच, अशी मी माझी समजूत घातली होती.

आमची एकुलती एक मुलगी हर्षदा. ती त्या अंगणातच वाढली. अक्षरओळख झाली तीही माझ्या पावसाच्या वह्यांवरून. पुढे ती पुण्याला हवामानशास्त्र शिकली आणि तिने प्रबंध लिहिला तो पाथरवडच्या पावसावर. पहिल्या पानावर छापलं होतं, 'एकही दिवस न चुकवणाऱ्या आण्णांना'. ते वाचून मी पान लगेच उलटलं. तरी सत्काराच्या फोटोत मी तो प्रबंध छातीशी धरून हसतो आहे. फोटो अजून भिंतीवर आहे.

तिची पहिली नोकरी हिमाचलात, बर्फ मोजायची. एका फेब्रुवारीत तिने आम्हा दोघांना तिकडे नेलं. शेवंताने, म्हणजे माझ्या बायकोने, चार दिवस शेगडी सोडली नाही. मी मात्र पहाटेपासून बाहेर. पाऊस कसा सांगून-सवरून येतो, आणि बर्फ नुसता येऊन बसलेला असतो. आपण दार उघडतो तेव्हा कळतं. हातात घेतला, तोंडात घातला, मिशीत साठू दिला. साठीतला माणूस मी, पण हर्षदाने हाक मारेपर्यंत मला जेवणाची शुद्ध नव्हती.

तिच्या कामाची रीतही पाहिली. वीतभर बर्फ एका नळकांड्यात घ्यायचा, वितळवायचा आणि त्याचं पाणी मोजायचं. एवढ्या ढिगाचं पाणी झालं अकरा पूर्णांक चार मिलिमीटर. मला अगदी तोंडात मारल्यासारखं झालं.

"एवढ्या बर्फाचं एवढंच? बारा लिही की," मी म्हणालो.

ती हसली. मग मी थट्टा करत नाही हे तिला दिसलं असावं. "आण्णा, मग मोजायचं कशाला?" एवढंच म्हणून तिने अकरा पूर्णांक चार लिहिलं आणि वही मिटली. मी विषय बदलला.

दोन वर्षांनी ती महाराष्ट्रात परत आली ती मनोऱ्यांचा प्रकल्प घेऊन.

त्यातलं शास्त्र तिने गावाला शाळेत बसवून समजावलं होतं. ढगात थेंब आपोआप होत नाही. पाण्याला बसायला एखादा कण लागतो. धूळ, धूर, मीठ, काहीही चालतं. कण थोडे असले की प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर पाणी येतं, थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि जड झाले की खाली पडतात. पण त्याच ढगात शंभरपट बारीक कण सोडले तर तेवढंच पाणी शंभर ठिकाणी वाटलं जातं. "दहा माणसांच्या भातावर शंभर पानं मांडली तर कुणाचंच पोट भरत नाही, तसं," हर्षदा म्हणाली. असे अर्धपोटी थेंब हलके राहतात आणि वारा त्यांना डोंगरापलीकडे घेऊन जातो. तिथे, पठारावर, ढगात जाड मिठाचे कण सोडायचे. त्यांच्याभोवती थेंब पुन्हा गोळा होतात आणि जिथे आयुष्यात धड पाऊस पडला नाही तिथे पाऊस पडतो.

आमच्या सड्यावर असे बारा मनोरे उभे राहिले. पावसाळाभर त्यांतून अगदी बारीक मिठाचा पांढरा धूर निघायचा. गावाने त्यांना धुन्या म्हणायला सुरुवात केली. विरोध कुणी केला नाही. पलीकडच्या लोकांचे हाल आम्ही बाजाराच्या दिवशी बघत होतो, आणि आमच्याकडे काय, पावसाला तोटा नव्हता.

किती पाऊस उचलायचा याचा नियम साधा होता. माझ्या वह्यांप्रमाणे पाथरवडची सरासरी सात हजार तीनशे. झरे वर्षभर चालायला आणि रान टिकायला पाच हजार तीनशे लागतात, हे वेगळं मोजून काढलेलं. राहिलेले दोन हजार पलीकडे न्यायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं, कागदावर.

खरी सरासरी सहा हजार दोनशे होती, हे जगात एकट्या मला माहीत होतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच घडली. पोस्टाची शाखा बंद झाली, मी निवृत्त झालो आणि माझ्या डब्याच्या जागी आपोआप मोजणारं यंत्र आलं. हवामानवाल्यांचा जुना दंडक असा, की नवं यंत्र बसवलं की एक अख्खा पावसाळा जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवायचं. दोघांचे आकडे जुळतात का ते बघायचं. पण प्रकल्पाला घाई होती. बैठकीत कुणीतरी या दंडकाची आठवण केली, तेव्हा हर्षदा म्हणाली, "ती नोंद माझ्या वडिलांची आहे. तिची हमी मी घेते."

हे मला तिनेच सांगितलं, कौतुकाने, आमच्या पडवीत बसून. त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा घेतीस का?"

पहिल्या वर्षी गाव खूश होतं. कपडे अंगणात वाळू लागले, भिंतीची बुरशी गेली. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत वरचा झरा आटला. तिसऱ्या वर्षी डिसेंबरातच, आणि एप्रिलमध्ये पाथरवडला टँकर आला. ज्या गावात पावसाळ्यात काड्यापेटीसुद्धा चुलीच्या वैलावर ठेवावी लागायची, त्या गावात टँकर. पोरं त्याच्यामागे धावली, त्यांना मौज वाटली. शेवंता खालच्या ओढ्यावरून दोन कळशा घेऊन चढून आली आणि पायरीवरच बसली. तिच्या गुडघ्याला सूज होती.

"पाऊस तर पडला की वं," ती म्हणाली. "मग पानी गेलं कुटं?"

हाच प्रश्न माझ्या मुलीलाही पडला होता, फक्त तिचा आकड्यांत होता. नवं यंत्र पाथरवडला बेचाळीसशे मिलिमीटर दाखवत होतं. माझ्या सरासरीतून ते वजा केलं की धुन्यांनी एकतीसशे उचलले असा अर्थ निघायचा. ठरल्यापेक्षा जास्त! सुरुवातीला याबद्दल पेढे वाटले गेले. पण पलीकडे मोजावं तर दोन हजारांच्या हिशेबाचाच पाऊस पडलेला. मधले अकराशे कुठे गेले? उपग्रहावरून घाटातला पाऊस नीट दिसत नाही, आमचे ढग फार बुटके. मग तिने विमानं पाठवली, मिठाचे कण बदलले, वाटेत पाऊस हवेतच सुकतो का ते तपासलं. तीन वर्षं ती तो पाऊस शोधत होती. चाळिशीच्या आत तिचे केस कानशिलांवर पांढरे झाले. तिच्या मागे लोक म्हणू लागले की बाईंचं गणितच कच्चं आहे.

शेवटी वरच्या लोकांनी तोडगा काढला. पाऊस वाटेत हरवतो ना, मग जास्त उचला. पाथरवडवर आणखी आठ धुन्या. मे महिन्यात गावात जनसुनावणी लागली.

हर्षदा आदल्या दिवशी दुपारी आली. जेवली नाही, ताक पिऊन पडवीत भिंतीला टेकून बसली. मांडीवर तो उघडा संगणक, पण डोळे मिटलेले.

"आण्णा," ती डोळे न उघडता म्हणाली, "तुम्ही जन्मभर पाऊस बघितलाय. शास्त्र सोडा. तुम्हाला काय वाटतं, जातो कुठं हा?"

यापेक्षा सोपी संधी देव कुणाला देत नाही. शेवंता भाकऱ्या थापत होती, तिचा हात थांबलेला मी ऐकला.

"दरीत उतरत असंल," मी म्हणालो. "सडेघोळच्या अंगाला. तिकडं धुकं लई बसतं."

तिने डोळे उघडले. "दरीत," ती म्हणाली. "दरीत आम्ही यंत्र लावलंच नाही." आणि तिने लगेच फोन उचलला. आठ यंत्रं काढा, गाडी भरा, उद्या सकाळी दरीत उतरा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात थोडा जीव आलेला होता. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "मला आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं." मग ती तिथेच, बसल्या जागी झोपून गेली.

मी परसात गेलो. पाठोपाठ शेवंता आली, हाताला पीठ तसंच.

"तुमास्नी ताप आल्ता तवा मी सा दिस डबा मोजला हुता," ती म्हणाली. "आकडं कमी आलं म्हनून तुमी माझ्यावर वराडला. म्हनला, सांडलंस. माझ्या हातनं थेंब सांडला न्हवता."

"शेवंता..."

"मला तवाच कळलं. म्या म्हटलं, असूं दे, ह्याच्यात कुनाचं काय जातंय." तिने हात पदराला पुसले. "आता जातंय. तुमी तिला सांगा."

"उठली की सांगतो."

ती उठली, तिला चार फोन आले, चहा झाला, सरपंच येऊन बसले. मी सांगितलं नाही. सकाळी आंघोळीचं पाणी देताना सांगणार होतो, तेव्हा ती घाईत होती. खरं तर मीच घाईत होतो, ती लवकर दाराबाहेर पडावी म्हणून.

सुनावणी शाळेत होती. टेबलामागे मोठे साहेब, शेजारी हर्षदा. सडेघोळची माणसं आली होती, त्यांत बापू लाड, आता काठी टेकत चालणारा. पलीकडच्या पठारावरून करंजमाळच्या सरपंच कलावतीबाई आल्या होत्या. त्या आधी बोलल्या.

"दोन वरसं झाली, आमच्याकडं ज्वारी कंबरंला लागती," त्या म्हणाल्या. "तुमच्या झऱ्याचं ऐकलं. तुमच्या तोंडचं घेतोय, लाज वाटती. पर मी नगं म्हनाय आली न्हाई. द्या म्हनाय आलीया."

मग हर्षदा उभी राहिली आणि तिने हरवलेल्या पावसाचं सांगायला सुरुवात केली. अकराशे मिलिमीटर, तीन वर्षं, कारण अजून अज्ञात. "एक नवीन शक्यता कालच पुढे आली आहे," ती म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. "दरीची."

मी उभा राहिलो. धीर आला म्हणून नव्हे. ती माझं नाव घेऊन ते सगळ्यांसमोर सांगणार होती, ते ऐकत बसणं मला झेपलं नसतं.

"साहेब, त्यो पाऊस दरीत न्हाई," मी म्हणालो. "कुटंच सापडायचा न्हाई. त्यो पडलाच न्हवता."

लोक हसले. पोस्टमास्तर म्हातारे झाले, असं कुणीतरी म्हणालं. हर्षदा हसली नाही.

"म्हणजे?"

"म्या लिवलाय त्यो. हातानं. रोज अर्धा गलास जादा."

"रोज?"

"पावसाच्या दिवशी. उघडीप असली की न्हाई."

तिचे ओठ हलले. एकशे दहा दिवस गुणिले दहा. लहानपणी पाढे म्हणताना हलायचे तसेच. "अकराशे," ती हळूच म्हणाली, आणि क्षणभर तिचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, सुटलो. तीन वर्षांचं गणित सुटलं होतं. एकही मिलिमीटर शिल्लक नव्हता. मग ते कसं सुटलं हे तिच्या ध्यानात आलं, आणि तो उजेड गेला.

बापू लाडची काठी फरशीवर वाजली. तो उठून उभा राहिला होता.

"मग माझंबी लिवून घ्या," तो म्हणाला. "मला वाटायचं, ह्यांच्याकडं एवढा आन आमच्याकडं कसा कमी? माझा पुरा गलास हाय."

यावर मात्र सगळे खो-खो हसले. साहेबांनी कपाळाला हात लावला. कलावतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजी आमचा पाऊस आता बंद का?"

माझा जबाब हर्षदानेच लिहून घेतला, तिचं कामच होतं ते. पूर्ण नाव विचारलं. कोणत्या वर्षापासून, सलग की अधूनमधून, हेही. मला ती 'आपण' म्हणत होती. मी सही केली, खाली तिने सही केली. हमी तिने घेतली होती, तेव्हा त्या दुसऱ्या सहीचा अर्थ तिला आणि साहेबांना बरोबर ठाऊक होता.

बाहेर मी तिला गाठलं. ती गाडीपाशी उभी होती.

"काल दुपारी विचारलं होतं मी," ती म्हणाली. "घरात. आपण तिघंच होतो."

"जीभ रेटली न्हाई, बाळ."

"तीन वर्षं मला वाटत होतं, माझं डोकं चालत नाही. आण्णा, मी एका डॉक्टरला जाऊन विचारलंसुद्धा, की मला काही झालंय का." ती रडत नव्हती. खूप चाललेला माणूस दम घेत बोलतो तशी बोलत होती. मग तिने फोन काढला. "दरीत पोरं उतरली असतील. त्यांना परत बोलवायला हवं." ती फोनवर बोलू लागली आणि गाडीत बसून निघून गेली.

पुढचं सगळं सरकारी रीतीने झालं. एक पावसाळा धुन्या बंद. जुना डबा आणि नवं यंत्र शेजारी शेजारी. करंजमाळच्या ज्वारीचं काय झालं ते मी मुद्दाम विचारत नाही, तरी बाजारात कानावर येतं. हर्षदाला प्रकल्पातून काढून पुन्हा हिमाचलात, फार उंचावरच्या एका ठाण्यावर पाठवलं. जाण्यापूर्वी तिने अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं, की पाथरवडच्या एकतीस वर्षांतल्या पावसाच्या फक्त सहा दिवसांच्या नोंदी विश्वासार्ह मानता येतील, आणि त्या सौ. शेवंता हिंदुराव झोरे यांनी घेतलेल्या आहेत. प्रबंधात हेच सहा दिवस तिने चुकीचे समजून वगळले होते.

म्हणून यंदा मापकाची वाचक शेवंता आहे. मला त्या अंगणात डबा उचलण्यापुरता प्रवेश. तोसुद्धा खात्याची मेहेरबानी म्हणून नव्हे, शेवंताचा गुडघा दुखतो म्हणून. ती ग्लास डोळ्यांसमोर धरते, पाणी थरथरायचं थांबेपर्यंत थांबते, मग रेघ मारते. चाळीस वर्षं संसार केला, पण एवढ्या बारकाईने काही बघताना मी तिला पाहिलं नव्हतं. पाऊस यंदा पूर्वीसारखा आहे. मीही सड्यावर जातो, उभा राहतो. पण तासाभरात दमून परत येतो. मन भरून येतं, आणि त्यावर माझा आता विश्वास बसत नाही.

पावणेनऊला हर्षदाचा फोन येतो. आकडा तिला थेट कळायची गरज नाही, तिचं ते काम राहिलेलं नाही. तरी ती विचारते. शेवंताला. मायलेकी दोन मिनिटं बोलतात, माझा विषय निघत नाही. मी पडवीत पान लावत ऐकत बसतो.

परवा आमची गाय विताना अडली होती. शेवंताने आकडा लिहिला, वही फळीवर ठेवली आणि गोठ्यात पळाली. पावणेनऊला फोन वाजला. वाजतच राहिला. मी उचलला.

"आई?"

"मी हाय. आण्णा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. वाटलं, तुटला.

"आई कुठाय?"

"गोठ्यात. गाय अडलीया." मी फळीवरची वही ओढली. "आकडा हाय हितं, आईनं लिवलेला. दोनशे..."

"नको," ती म्हणाली. "आईला द्या."

"तिला येळ लागंल, बाळ."

"चालेल. थांबते मी."

आणि ती थांबली. फोन तिने ठेवला नाही. पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता, तो तिला ऐकू जात असणार. तिच्याकडे बर्फ पडतोय का, हे मला फार विचारायचं होतं. विचारलं नाही. मी फोन कानाला तसाच धरून, दारात उभा राहून, तिचा श्वास ऐकत राहिलो.

गोठा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. मी हाक मारली नाही.